गिटार कधीची, कुठली?

बार्शीटाकळीच्या जुन्या हेमाडपंती देवीमंदिरातल्या शिलालेखात शके १०९८ हे साल कोरलेलं आहे. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या या मंदिराचा काळ त्यामुळे बऱ्याच खात्रीने सांगता येतो. त्याच गावात एखाद्या घराच्या माळ्यावर गवसणीत गुंडाळून ठेवलेली गिटार निघाली, तर ती पन्नास वर्षांची आहे की पंचवीस, हे मात्र घरातलं कुणी ठामपणे सांगू शकत नाही. मामांनी ती अकोल्याहून आणली होती एवढं आठवतं. नवी आणली की कुणाची वापरलेली, यावर दोन भावांत एकमत नसतं. डोक्यावरचं नाव अर्धं पुसलेलं असतं, आतल्या कागदाला वाळवीने कुरतडलेलं असतं, आणि खुंट्या तीन एका जातीच्या, तीन दुसऱ्या जातीच्या.

अशा गिटारी वऱ्हाडात कमी नाहीत. अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेलं आहे. भुसावळ आणि बडनेरा ही रेल्वेची मोठी ठाणी. पुढे ऑर्केस्ट्राचे दिवस आले. १९७३ सालच्या ‘यादों की बारात’ने नायकाच्या हाती गिटार दिली आणि कॉलेजच्या मुलांना ती हवीहवीशी वाटू लागली. या साऱ्या वाटांनी वाद्यं आली, हातोहात फिरली आणि शेवटी जुन्या बाजारात किंवा माळ्यावर जाऊन बसली.

जुनी गिटार हाती आली की तीन प्रश्न पडतात: कुठे बनली, कधी बनली, किती किमतीची. तिसरा प्रश्न लोक सर्वात आधी विचारतात, पण पहिल्या दोहोंची उत्तरं मिळाल्याशिवाय त्याला अर्थ नाही. म्हणून या लेखात पहिल्या दोन प्रश्नांचाच विचार केला आहे. जगभर त्यांची उत्तरं शोधण्याच्या ज्या रीती रुळल्या आहेत, त्यांतल्या कोणत्या आपल्याकडच्या गिटारला लागू पडतात, कोणत्या फसवतात आणि आपल्याकडे वेगळं काय पाहावं लागतं, ते इथे क्रमाने पाहू. माझं म्हणणं आधीच सांगतो. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या गिटारचं साल कारखान्याच्या वहीत सापडतं. भारतीय गिटारचं साल तिच्या पोटातल्या कागदावरच्या पत्त्यात आणि घरच्या पावतीत सापडतं. ते कागद आपण वाचत नाही आणि जपतही नाही, म्हणून आपल्या गिटारी बिनसालाच्या राहतात.

नंबर जिथे बोलतो

सर्वात सोपी रीत अनुक्रमांकाची. मार्टिन ही अमेरिकन कंपनी १८३३ पासूनची. तिचे संस्थापक ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या वाद्यांच्या गावातून न्यूयॉर्कला आले आणि १८३९ मध्ये पेनसिल्व्हानियातल्या नाझरेथला स्थिरावले. या कंपनीने १८९८ मध्ये गिटारींवर अनुक्रमांक टाकायला सुरुवात केली, तीही एकपासून न करता ८००० पासून. तोवर जेवढी वाद्यं बनली असावीत असा अंदाज होता, तेवढे आकडे सोडून दिले. दर वर्षाअखेरी नंबर कुठवर पोचला याची यादी जाहीर असल्यामुळे मार्टिनचं साल काही मिनिटांत कळतं.

गिब्सनची गोष्ट इतकी सरळ नाही. १९०२ मध्ये कॅलमझू इथे सुरू झालेल्या या कंपनीने निरनिराळ्या काळात निरनिराळ्या पद्धती वापरल्या. १९६० च्या दशकात तर तेच नंबर पुन्हा पुन्हा पडले. १९७७ पासून मात्र आठ आकडी पद्धत आली. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८०१५६३२१ असा नंबर असेल तर १९८६ सालचा पंधरावा दिवस, म्हणजे १५ जानेवारी. १९७० पासून डोक्याच्या मागच्या बाजूला ‘मेड इन यूएसए’ असा ठसाही येऊ लागला.

यामाहाच्या बाबतीत कंपनीचं नावच साल सांगतं. १९६६ मध्ये एफजी-१८० हे मॉडेल निघालं, तेव्हा आतल्या लाल कागदावर ‘निप्पोन गाक्की’ असं छापलेलं असे. १९८७ मध्ये कंपनीने आपलं नाव ‘यामाहा कॉर्पोरेशन’ केलं. म्हणजे निप्पोन गाक्कीचा कागद असलेली गिटार त्याच्या आधीची. त्याच्याखाली जपान, तैवान की इंडोनेशिया लिहिलं आहे, यावरून कारखाना कळतो. आपल्याकडच्या दुकानांत आता सर्रास दिसणारी एफ-३१० ही इंडोनेशियात बनलेली असते. ती हाती आली तर ‘जपानी यामाहा’ म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

नंबराची रीत खात्रीची असली, तरी तिला एक अट आहे: नंबर देणाऱ्याने वही ठेवलेली असली पाहिजे. वऱ्हाडातल्या माळ्यावर निघणाऱ्या बहुतेक गिटारींवर एक तर नंबरच नसतो, किंवा असला तरी तो कोणत्या वहीतला हे सांगणारं कुणी नसतं.

देशाचं नाव आणि इतिहासाच्या तारखा

दुसरी रीत कागदावर छापलेल्या देशाच्या नावाची. १८८७ चा ब्रिटिश कायदा, १८८९ चा हिंदुस्थानातला कायदा आणि १८९० चा अमेरिकन जकात कायदा यांमुळे परदेशी मालावर तो कुठला हे सांगणारी खूण असण्याची पद्धत पक्की झाली. त्यानंतर देशांची नावं बदलत गेली आणि प्रत्येक बदल आज आपल्या उपयोगाला येतो.

‘यूएस झोन जर्मनी’ असं दिसलं तर गिटार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांतली. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९५२ च्या आधीची. पश्चिम जर्मनीचं किंवा पूर्व जर्मनीचं नाव असेल तर १९४९ ते १९९० यांच्यामधली. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९९२ च्या अखेरीपर्यंतची. सोव्हिएत संघाचं नाव असेल तर १९९१ पर्यंतची.

यात एक मोठं स्थलांतरही दडलेलं आहे. हॉफनर ही कंपनी १८८७ मध्ये शोनबाख इथे सुरू झाली. ते गाव पुढे चेकोस्लोव्हाकियात गेलं आणि लुबी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषकांना बाहेर काढण्यात आलं आणि बरेच वाद्यकार बव्हेरियातल्या बुबेनरॉइथला येऊन वसले. त्यामुळे हॉफनरच्या कागदावर कोणत्या गावाचं नाव आहे, एवढ्यावरूनही युद्धाआधीची आणि नंतरची गिटार ओळखता येते. इकडे लुबीतही वाद्यं बनत राहिली आणि मार्कनॉयकिर्शेनला पूर्व जर्मनीचा मुझिमा हा कारखाना उभा राहिला. थोडक्यात, एका टापूतले कारागीर तीन देशांच्या नावांनी गिटारी विकू लागले.

इथे भारताचा स्वतःचा एक हिशेब जोडावा लागतो. स्वातंत्र्यानंतर ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक परवाना पद्धत होती. १९९१ नंतर ती सैल होत गेली आणि १ एप्रिल २००१ ला आयातीवरची उरलेली संख्यात्मक बंधनं उठली. मधल्या चाळीसेक वर्षांत परदेशी गिटार आपल्या गावच्या दुकानात सहज मिळत नव्हती. ती यायची खलाशाबरोबर, मिशनऱ्याच्या सामानात, आखातातून परतणाऱ्याच्या पेटीत किंवा चोरबाजारातून. म्हणून १९६०-७० च्या दशकातली जर्मन किंवा जपानी गिटार वऱ्हाडात सापडली, तर तिच्यामागे एखादं माणूस असणार. त्या माणसाचा शोध हा वयाच्या शोधाचाच भाग आहे.

एका अक्षराचा फरक

माळ्यावरची गिटार बहुधा यांपैकी कुठलीच नसते. डोक्यावरचं नाव ‘गिब्सन’सारखं वाचलं जातं आणि घरात एकदम उत्साह पसरतो. नीट पुसून पाहिलं तर ‘ब’च्या जागी ‘व्ह’ निघतो: गिव्हसन. ‘हॉफनर’ वाटलेलं नाव ‘हॉबनर’ निघतं. ही दोन्ही नावं कोलकात्याची आहेत आणि परदेशी गिटार मिळणं दुरापास्त होतं त्या काळात देशभरच्या हजारो मुलांच्या हाती पहिली गिटार याच शहराने दिली. लालबाजार आणि रवींद्र सरणी, म्हणजे जुना लोअर चितपूर रोड, हा वाद्यकारांच्या दुकानांचा भाग. हार्मोनियम, सतार, तबला आणि गिटार यांची दुकानं तिथे एकमेकांना लागून आहेत.

नाव कळल्यावर घरच्यांचा चेहरा उतरतो, आणि मला तो उतरू नये असं मनापासून वाटतं. आयातीची दारं बंद असताना मिळेल त्या लाकडात, मिळेल त्या तारेत, मध्यमवर्गाला परवडेल अशा किमतीत हे वाद्य घडवणाऱ्या कारागिरांचं काम कमी मोलाचं नाही. लिलावात तिला मोठी किंमत येणार नाही, हे खरं. पण आपल्याकडे गिटार कशी रुजली याचा पुरावा म्हणून ती एखाद्या अमेरिकन गिटारपेक्षा जास्त बोलते.

मुंबईची वाट वेगळी. धोबी तलाव भागातलं फुर्टाडोज हे दुकान १८६५ पासूनचं. गोव्याचे वादक, चर्चचं संगीत, पुढे सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातले वाद्यवृंद यांची गरज अशा दुकानांनी भागवली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुकानाचा कागद आणि कारखान्याचा कागद वेगळे असू शकतात. मुंबईच्या दुकानाची चिठ्ठी असलेली गिटार मुंबईत बनली असेलच असं नाही. ती कोलकात्याची, जर्मनीची किंवा आणखी कुठलीही असू शकते. चिठ्ठी विक्रीचं ठिकाण सांगते, जन्माचं नाही.

आपल्याकडे वाद्याचं मूळ गावावरून सांगायची पद्धत जुनी आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही एखाद्या कंपनीला न मिळता गावातल्या कारागिरीला मिळालं. गिटारच्या बाबतीतही ‘कोणती कंपनी’ यापेक्षा ‘कोणतं शहर, कोणती गल्ली’ हा प्रश्न आपल्याला जास्त दूर नेतो.

पत्ता, पिनकोड आणि पावती

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. भारतीय गिटारच्या आतल्या कागदावर नंबर नसला तरी पत्ता असतो, आणि पत्त्यात साल दडलेलं असतं.

सहा आकडी पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी मोठ्या शहरांत टपाल विभागाचा एक-दोन आकडी क्रमांक असे: ‘बॉम्बे २’, ‘कलकत्ता १’. पिनकोड आल्यावर तेच ४०० ००२ आणि ७०० ००१ झाले. म्हणून नुसता विभाग क्रमांक असेल तर कागद १९७२ च्या आधी छापलेला असण्याची शक्यता जास्त, आणि सहा आकडे असतील तर तो नक्की त्यानंतरचा.

शहराचं नाव दुसरी खूण देतं. इंग्रजीत ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ १९९५ मध्ये झालं, ‘मद्रास’चं ‘चेन्नई’ १९९६ मध्ये, ‘कलकत्ता’चं ‘कोलकाता’ २००१ मध्ये. रस्त्यांची नावंही पाहावीत. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला, लॅमिंग्टन रोडचा भडकमकर मार्ग झाला, चितपूर रोडचा रवींद्र सरणी झाला.

पावती असेल तर सोन्याहून पिवळं. रक्कम रुपये-आणे-पैत असेल तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची किंवा त्या बदलाच्या काळातली. ‘नवे पैसे’ असं लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ मधली. दुकानाच्या पत्त्यात ‘सी. पी. अँड बेरार’ असेल तर १९५० च्या आधीची छपाई. अकोल्याच्या पुढे ‘मध्य प्रदेश’ असेल तर १९५० ते १९५६. ‘बॉम्बे स्टेट’ असेल तर १९५६ ते १९६०. ‘महाराष्ट्र’ असेल तर त्यानंतरची. दुकान वाशीमचं असून जिल्हा अकोला लिहिला असेल तर १ जुलै १९९८ च्या आधीची, कारण त्या दिवशी वाशीम वेगळा जिल्हा झाला. मोबाइल नंबर छापला असेल तर १९९५ नंतरची. जीएसटी क्रमांक असेल तर जुलै २०१७ नंतरची, आणि त्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्यही सांगतात: २७ म्हणजे महाराष्ट्र, १९ म्हणजे पश्चिम बंगाल. खोक्यावर ८९० ने सुरू होणारा बारकोड असेल तर तो १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरचा.

ही रीतही डोळे मिटून वापरता येत नाही. दुकानदार एकदा छापलेले कागद संपेपर्यंत वापरतो. २००१ नंतरही ‘कलकत्ता’ छापलेली चिठ्ठी दोन-चार वर्षं चिकटवली गेली असेल, आणि १९७२ नंतरही कित्येकांनी पिनकोडाविना पत्ता छापला असेल. म्हणून ‘नंतरची’ हा निष्कर्ष ‘आधीची’ या निष्कर्षापेक्षा नेहमी भक्कम असतो. जी गोष्ट अस्तित्वातच नव्हती ती कुणी छापू शकत नाही. जी जुनी झाली ती मात्र वापरात राहू शकते.

लाकूड, सरस, स्क्रू

कागद उरलाच नसेल तर वाद्याच्या अंगावरून काळ काढावा लागतो. इथे पुरातत्त्वातला एक नियम उपयोगी पडतो: वस्तू तिच्या सर्वात नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. यात ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा, कारण तारा, खुंट्या, घोडी आणि पट्ट्याची गुंडी हे भाग बदलले जातात.

स्क्रूचं डोकं पाहा. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर आला. तो मूळचा असेल तर गिटार त्यानंतरची. सरळ खाचेचा असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण आपल्याकडे तो फार उशिरापर्यंत वापरात होता.

मानेत लोखंडी सळई आहे का ते पाहा. डोक्यापाशी छोटं झाकण किंवा साउंडहोलच्या आत षट्कोनी भोक दिसलं तर मान सरळ करायची सळई आहे. हिचं पेटंट गिब्सनने १९२० च्या दशकात घेतलं. मार्टिनने मात्र फिरवता येणारी सळई १९८५ मध्ये स्वीकारली. म्हणजे सळई नाही म्हणून गिटार जुनी, असं होत नाही.

साउंडहोलच्या कडेवर उजेड पाडा. कडेला एकसंध उभ्या रेषा दिसल्या तर तबली अखंड लाकडाची. थर दिसले तर प्लायवूडची. आपल्याकडच्या स्वस्त गिटारी बहुतेक प्लायवूडच्या आहेत. याच भोकातून मोबाइल आत घालून फोटो काढले की तबलीच्या पोटाखालच्या पट्ट्या दिसतात. एकापुढे एक आडव्या पट्ट्या ही सोपी आणि स्वस्त रचना. एकमेकींना छेदणाऱ्या फुलीसारख्या पट्ट्या ही मार्टिनने एकोणिसाव्या शतकात रुळवलेली आणि पुढे पोलादी तारांसाठी सर्वमान्य झालेली रचना.

सांध्यांत काय आहे? जुन्या वाद्यकारांचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. तो सुकला की पिवळट, ठिसूळ आणि काचेसारखा दिसतो. पांढरा सुतारी गोंद वेगळा ओळखू येतो. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आला आणि हळूहळू सुतारांच्या हातात रुळला. मूळ सांध्यात तो दिसला तर गिटार १९६० नंतरची मानायला हरकत नाही. मात्र तो दुरुस्तीत लागलेला असू शकतो. म्हणून कधीच उघडला न गेलेला सांधा शोधावा.

चकाकीही बोलते. लाखेचं फ्रेंच पॉलिश स्पिरिटने विरघळतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात नायट्रोसेल्युलोज लॅकर पसरलं. त्याला वयाबरोबर बारीक भेगांचं जाळं पडतं. त्यानंतरचं पॉलियुरेथेन जाड आणि काचेसारखं असतं. स्पिरिटची चाचणी करायचीच तर दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने, एकदाच. जुना प्लास्टिक भाग सेल्युलॉइडचा आहे का हे पाहायला तापलेली सुई लावण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. सेल्युलॉइड झपकन पेट घेतं. तो भाग बोटाने चोळून कापराचा वास येतो का, एवढं पाहणं पुरे.

लाकडातही एक आपल्या देशाशी जोडलेली तारीख आहे. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झाल्यावर मार्टिनने १९६९ मध्ये भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. ब्राझीलचं शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत आहे. म्हणजे अमेरिकन गिटारची पाठ भारतीय शिसवाची असेल, तर ती बहुधा १९६९ नंतरची.

हवाइयन की स्पॅनिश?

आपल्याकडच्या जुन्या गिटारीला विचारायलाच हवा असा एक प्रश्न पाश्चात्त्य पुस्तकांत सहसा सापडत नाही: ही हवाइयन होती की स्पॅनिश? विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतात गिटार म्हटलं की मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडी सरकवत वाजवायची हवाइयन गिटार असंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येई. हवाईचे वादक टाऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले. बंगालच्या घराघरांत रवींद्रसंगीत आणि सिनेमातली गाणी हवाइयनवर वाजू लागली. व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या गावोगावी पोचल्या. ब्रिजभूषण काब्रांनी या वाद्यावर रागसंगीत वाजवलं. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर तेच होते. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तिचं मूळही हीच परंपरा.

याच्या खुणा लाकडावर राहतात. हवाइयनसाठी डोक्याजवळची पट्टी उंच बसवलेली असते, कारण तारा पडद्यांना टेकता कामा नयेत. पडदे कोरे राहतात, कारण त्यांच्यावर तार दाबलीच जात नाही. स्पॅनिश पद्धतीने वाजवलेल्या गिटारच्या पहिल्या तीन पडद्यांवर तारांखाली खळगे पडतात, कारण बहुतेक सोपे कॉर्ड तिथेच धरले जातात. म्हणून पडदे नव्यासारखे आणि बाकी अंग झिजलेलं असं दिसलं, तर ती बहुधा हवाइयन म्हणून वाजलेली आणि पुढे कुणीतरी पट्टी खाली करून स्पॅनिश केलेली गिटार आहे. अशी गिटार १९५० ते १९७० च्या दशकांतली असण्याची शक्यता वाढते. तेवढा एकच पुरावा मात्र पुरेसा नाही.

वऱ्हाडचा उन्हाळा

दिसायला जुनी म्हणजे वयाने जुनी, या समजुतीने वऱ्हाडात हमखास फसगत होते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठक्क होते. जूनअखेर पाऊस आला की तेच लाकूड ओल शोषून फुगतं. टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या गिटारची तबली चार-पाच उन्हाळ्यांत तडकते, घोडी उचलते, मान वाकते, चकाकीला भेगा पडतात. अशी दहा वर्षांची गिटार कोकणातल्या किंवा पुण्यातल्या चाळीस वर्षांच्या गिटारपेक्षा म्हातारी दिसू शकते. विकणारा ‘भाऊ, पन्नास वर्षं जुनी आहे’ म्हणून भेगा दाखवतो, तेव्हा त्या भेगा हवामानाच्या आहेत हे ध्यानात ठेवावं.

आवाजाचंही तसंच. जुन्या लाकडाचा आवाज मोकळा होतो असं अनेक वादक मानतात, आणि तो त्यांचा अनुभव असेल. पण आवाजावरून साल काढता येत नाही. नव्या तारा चढवल्या की तीच गिटार वेगळी वाजते.

प्रयोगशाळा काय सांगू शकते

लाकडाच्या वर्षवलयांवरून काळ काढणारं शास्त्र वाद्यांवरही वापरलं गेलं आहे. त्याचं सर्वात गाजलेलं उदाहरण ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या ‘मसाया’ या स्ट्रॅडिव्हरी व्हायोलिनचं. तिच्या कागदावर १७१६ हे साल आहे. ती नंतरची नक्कल असल्याची शंका घेतली गेली, तेव्हा तबलीची वलयं मोजली गेली आणि शेवटचं वलय १६८० च्या दशकातलं निघालं. हे कागदावरच्या सालाशी विसंगत नव्हतं, त्यामुळे शंका बरीच मागे पडली. तरी वलयं एवढंच सांगतात की लाकूड शेवटच्या वलयाच्या सालाआधी तोडलेलं नाही. ते नंतर किती वर्षं वखारीत पडलं होतं, हे वलयांना ठाऊक नसतं.

कार्बन पद्धतीचंही तेच. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला. त्यामुळे त्याआधी वाढलेलं आणि नंतर वाढलेलं लाकूड वेगळं काढता येतं. ही चाचणी करायचा खर्च कोलकात्याच्या गिटारच्या किमतीपेक्षा जास्त होईल, आणि प्लायवूडला वर्षवलयांची पद्धत लागूच पडत नाही. घरच्या गिटारसाठी प्रयोगशाळेची वाट जवळजवळ बंद आहे, असंच म्हणावं लागेल.

उत्तर कसं मांडावं

मग सांगायचं काय? एक साल ठोकून देणं चूक, आणि ‘काही कळत नाही’ म्हणून सोडणंही चूक. दोन टोकं धरावीत. समजा, आतल्या कागदावर कलकत्ता आणि सहा आकडी पिनकोड आहे. तबली प्लायवूडची आहे. मूळ स्क्रू फिलिप्सचे आहेत. आणि घरच्या एका लग्नातल्या फोटोत, १९८४ सालच्या, ती भिंतीला टांगलेली दिसते. पिनकोडाने खालचं टोक १९७२ ठरलं, फोटोने वरचं टोक १९८४. उत्तर असं लिहावं: ‘कोलकात्यात बनलेली किंवा तिथून विकली गेलेली, १९७२ ते १९८४ मधली; आधार: पत्ता आणि घरचा फोटो.’ हे बारा वर्षांचं उत्तर एका ठाम पण निराधार सालापेक्षा कितीतरी खरं आहे. पुढे पावती मिळाली तर ते आणखी अरुंद होईल, आणि ज्याला शंका असेल त्याला आधार तपासता येतील.

फोटो, लग्नपत्रिकेवरची तारीख, ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाची पत्रिका आणि वाजवणाऱ्याच्या नोकरीची वर्षं हेही पुरावेच आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘कधी घेतली’ असं विचारलं तर साल सांगता येत नाही. ‘आणीबाणीच्या आधी की नंतर’, ‘ताईच्या लग्नाला ती वाजली होती का’ असं विचारलं तर ते लगेच सांगतात. आठवण घटनांना धरून राहते.

काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. कागद सोलून काढू नये, पुसून ‘स्वच्छ’ करू नये, नवं पॉलिश मारू नये, जुन्या खुंट्या फेकू नयेत. नव्या तारा चढवण्याआधी सगळ्या बाजूंनी आणि आतून फोटो घ्यावेत. सुट्टे निघालेले भाग पाकिटात घालून त्याच गवसणीत ठेवावेत. आणि एका चिठ्ठीवर कुणाची, कुठून, कधी आली हे जेवढं माहीत आहे तेवढं लिहून आत ठेवावं.

हे काम एकेका घरापुरतं ठेवून भागणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात भारतीय वाद्यांचा देखणा संग्रह आहे, आणि दिनकर केळकरांनी ज्या आस्थेने घरगुती वस्तू जमवल्या त्यातून आपल्याला साध्या वस्तूंचं मोल कळलं. विसाव्या शतकातल्या भारतीय गिटारकडे अजून तशा आस्थेने पाहिलं गेलेलं नाही. कोलकाता आणि मुंबईच्या दुकानांच्या चिठ्ठ्या, पावत्या, किंमतपत्रकं आणि जाहिराती गोळा करून सालवार लावल्या, तर मार्टिनच्या वहीचं काम आपली ही यादी करू शकेल. अकोला-अमरावतीच्या संगीत विद्यालयांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी मिळून सुरुवात केली तर ते अवघड नाही. त्या चिठ्ठ्या ज्यांनी छापून घेतल्या, ज्यांनी त्या गिटारच्या पोटात चिकटवल्या आणि ज्यांनी अकोल्याच्या दुकानांतून त्या विकल्या, त्यांतली बरीच माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना विचारायचं असेल तर आताच विचारायला हवं. आणि ज्याच्या घरी अशी गिटार आहे त्याने आज एवढं तरी करावं: आतल्या कागदाचा स्पष्ट फोटो काढून त्यावरचा पत्ता अक्षर न अक्षर उतरवून ठेवावा.